हाताने ठोकलेला तांब्याचा टेबल लॅम्प (व्हॅन अर्प स्टाइल) – काठाला चीर गेलीय, मदत हवी

सायली_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहते. दोन वर्षांपूर्वी ओकलंडच्या म्युझियममध्ये डर्क व्हॅन अर्पचं काम बघितलं आणि खरं सांगते, तिथून पाय निघेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा माणूस मूळचा नेदरलँड्समधल्या लेवार्डनचा, १८८० च्या दशकात इकडे आला, मेअर आयलंडच्या नेव्हीच्या गोदीत तांबटकाम करायचा, आणि तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी घरी आणून फावल्या वेळात त्यांच्या फुलदाण्या ठोकायचा. लोकांना त्या आवडायला लागल्या, मग १९०८ ला ओकलंडमध्ये 'द कॉपर शॉप' काढलं आणि १९१० ला सॅन फ्रान्सिस्कोला हलवलं. त्याचे दिवे म्हणजे खाली तांब्याचं भांडं, वर अभ्रकाची शेड. भांड्यावर हातोडीचे ठोके जसेच्या तसे दिसतात, कुठे लपवलेले नाहीत, आणि दिवा लावला की अभ्रकातून मधासारखा उजेड येतो. विझलेला असताना तीच शेड नुसती काळपट तपकिरी.

तर मी गेल्या वर्षी इथल्या एका वर्कशॉपमध्ये बेसिक धातुकाम शिकले आणि आता स्वतःचा लॅम्प करायला घेतलाय. विकायला नाही, घरात ठेवायला. बॉडीसाठी २० गेजच्या पत्र्याची १४ इंची गोल चकती कापली, साधारण ८ इंच रुंद आणि ६ इंच उंच असं पोटाचं भांडं करायचं होतं. चार इंच उंचीपर्यंत छान वर आलं. मग काठाला चुण्या पडायला लागल्या, मी त्या ठोकून बसवत गेले आणि परवा रात्री टक् असा बारीक आवाज आला आणि काठापासून खाली पाऊण इंच चीर गेली. माझ्या घशाशी आलं अक्षरशः. सहा शनिवार घातलेत त्यात.

प्रश्न असे: ही चीर सांधता येईल का? दुसरं, माझे हातोडीचे ठोके दिसायला खोटे वाटतात, म्हणजे कुणीतरी मुद्दाम टिकल्या मारल्यात असं, त्याच्या भांड्यावर तसं वाटत नाही, तर फरक कशात आहे? आणि तिसरं, शेडसाठी लाखेत बसवलेल्या अभ्रकाची शीट आणलीय, तिचा एक तुकडा ट्रायल म्हणून जुन्या १०० वॉटच्या बल्बसमोर धरून ठेवला तर तासाभरात मधे पोक आला. शीट खराब आहे का माझं काही चुकतंय?

कुणी तांब्यात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

कसबा_पेठ

सायलीताई, आमचं घर तांबट आळीतलं. आजोबा आणि वडील दोघांनी आयुष्यभर बंब, घंगाळं आणि हंडे केले, मी स्वतः नोकरी करतो पण शाळेत असताना सुट्टीत वडिलांच्या हाताखाली बसलोय आणि अजूनही रविवारी बसतो. त्यामुळे तुमचा तो दिवा कधी बघितलेला नसला तरी तांब्याचं सांगू शकतो.

चीर का गेली ते आधी. तुम्ही ताव कितीदा दिलात, म्हणजे तापवून नरम कितीदा केलंत, ते लिहिलेलं नाही, माझ्या अंदाजाने कमी दिलाय, नाहीतर सगळीकडे सारखा बसलेला नाही. तांबं ठोकलं की कडक होतं, अजून ठोकलं की अजून कडक, आणि एका हद्दीनंतर ते वाकत नाही, फाटतं. दर फेरीला, म्हणजे तळापासून काठापर्यंत एकदा ठोकून झालं की, भांडं तापवून नरम करायचंच, आळस करायचा नाही. किती तापवायचं, तर अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकं. दिवसाउजेडी हा लाल दिसतच नाही, म्हणून लोक एकतर कमी तापवतात नाहीतर पार भगभगीत करतात. संध्याकाळी गॅरेजमधला लाइट बंद करून तापवा, बरोबर कळेल. मग सरळ पाण्यात बुडवलं तरी चालतं, पोलादासारखं ते पाण्याने कडक होत नाही.

दुसरी खूण कानाची. वडील भांड्याकडे न बघता सांगायचे, 'आता ताव दे'. नरम तांब्यावर हातोडी पडली की आवाज थप्प असा बसका येतो, कडक व्हायला लागलं की टणटण वाजायला लागतं. टणटण ऐकू आलं की थांबायचं. तुमचं भांडं परवा रात्री नक्की टणटणत असणार.

चुण्यांचं म्हणाल तर चुणी उभी व्हायच्या आधी बसवायची असते. ती दुमडून एकावर एक आली आणि वरून ठोकली की आत घडी राहते, आणि त्या घडीतच चीर निघते. पुढच्या वेळी काठाकडे जाताना लहान लहान ठोके आणि एका ठोक्यात थोडंच आत घ्या. आणि २० गेज एवढ्या खोलीसाठी पातळच पडतो, १८ घ्या, आकडा कमी तितका पत्रा जाड.

सांधायचं म्हणाल तर डाख लावून चीर बुजेल, पण नंतर त्यावर ठोकायला गेलात की तिथेच परत उघडेल. माझ्या मते सांधू नका. काठ सव्वा इंच कापून टाका, चिरेच्या टोकाच्या चांगलं खाली जाऊन, कारण डोळ्याला दिसते त्याच्या पुढेही ती थोडी गेलेली असते. भांडं पावणेतीन इंच राहील, ते दिव्याचं बूड म्हणून वापरता येईल किंवा वरची टोपी म्हणून. सहा शनिवार वाया गेले असं समजू नका.

आता ठोक्यांचं, याच्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. तुमचे ठोके खोटे वाटतात कारण ते बहुतेक शेवटी नक्षी म्हणून मारलेत. आमच्याकडे याला मठारकाम म्हणतात, आणि मठारणं ही नक्षी नाही. भांडं घडून झालं की ते नरम असतं, वेडंवाकडं असतं, कुठे जाड कुठे पातळ. मग ते लोखंडी दांड्यावर चढवायचं आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने मठारत जायचं, तळाच्या मध्यापासून सुरू करून गोल फिरत वर. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर थोडा चढलेला पाहिजे, मधे न ठोकलेली जागा राहता कामा नये. याने तीन गोष्टी होतात, आकार एकसारखा होतो, पत्रा कडक होतो म्हणजे रोजच्या वापरात पोचे पडत नाहीत, आणि उजेड खेळायला लागतो. पाण्याने भरलेला हंडा उचलला तरी वाकत नाही तो या मठारण्यामुळे. दिसायला सुंदर दिसतं ते त्या कामातनंच येतं. तुम्ही मोकळ्या मोकळ्या टिकल्या मारल्या असतील तर मधला पत्रा तसाच राहिला आणि डोळ्याला ते बरोबर कळतं, भले का ते सांगता न येवो.

हातोडीचं तोंड बघा. नखाने चाचपून बघा. त्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटतो, शेकडो वेळा. बारीक पॉलिश पेपर, मग चामड्यावर पॉलिश, तुमचा चेहरा दिसेपर्यंत. वडील हातोडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि आम्हा पोरांना तिने खिळा ठोकायची परवानगी नव्हती.

ऋजुता_नाशिक

वा, काय लिहिलंत कसबा पेठ! आवाजाचं वाचून मला आमच्या लहानपणी आळीतून जाताना ऐकू यायचा तो ठोक्यांचा नाद आठवला, मामाकडे जाताना.

सायली, तुझा प्रश्न वाचून आनंद झाला. मी कलेचा इतिहास शिकवते म्हणून थोडं अवांतर, पण ठोक्यांच्या मुद्द्याशी जोडलेलं. व्हॅन अर्पचं काम ज्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतलं, ती मूळ इंग्लंडमधली, जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस या लेखक-विचारवंतांच्या विचारातून आलेली, आणि मुख्य म्हणणं हेच की यंत्राने काढलेल्या मालावर खोटी नक्षी चिकटवण्यापेक्षा वस्तू कशी बनली ते तिच्यावर दिसू दे. सांधा असेल तर सांधा दिसू दे, रिव्हेट असेल तर रिव्हेट. म्हणून व्हॅन अर्पच्या दिव्यांना रिव्हेटची डोकी उघडी असतात. पण त्याच काळात यंत्रावर दाबून 'हॅमर्ड' खुणा उठवलेली भांडीही बाजारात येत होती, म्हणजे हा खऱ्या-खोट्या ठोक्याचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, तुला वाटलं ते उगाच नाही.

आणि मुंबईशी याचा खरा धागा आहे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला, तो याच विचारांच्या वर्तुळातला, इथल्या कारागिरांच्या कामाची बाजू घेऊन लिहिणारा. पुढे १८९१ ला जेजेच्या आवारात रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली, तिथे धातुकामही होतं.

अजून एक मला फार आवडतं ते. १९१० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दुकानात व्हॅन अर्पची भागीदार होती एलिनॉर डार्सी गॉ. ती डिझायनर. भागीदारी साधारण वर्षभरच टिकली, त्या काळातल्या वस्तूंवर दुकानाच्या पवनचक्कीच्या शिक्क्याखाली दोघांची नावं आहेत, नंतर फक्त त्याचं. त्या दिव्यांच्या रूपामागे तिचा मोठा वाटा होता असं अभ्यासक मानतात. मग त्याची मुलगी अगाथा, तीही हातोडी चालवायची. पहिल्या महायुद्धाच्या वेळी बाप परत गोदीच्या कामाला गेला तेव्हा दुकान तिने आणि हॅरी डिक्सनने सांभाळलं. तेव्हा हे काम बायकांचं नाही असं कुणी वर्कशॉपमध्ये म्हणालं तर सांग.

सायली_फ्रीमाँट

कसबा पेठ, मी तुमची पोस्ट तीनदा वाचली. ताव मी एकूण चारदाच दिला आणि माझा टॉर्च लहान आहे, एका बाजूला तापवेपर्यंत दुसरी बाजू गार व्हायची. आणि हो, टणटणत होतं. मला वाटलं आवाज छान येतोय म्हणजे काम छान चाललंय.

ऋजुताताई, अगाथाचं माहीत नव्हतं, थँक यू. वर्कशॉपमध्ये कुणी तसं म्हणालं नाही पण मनात माझ्याच कधीकधी येतं, दंड दुखायला लागले की.

शेडचं कुणी सांगेल का?

कसबा_पेठ

टॉर्चचं तेच. तांबं उष्णता एका जागी राहूच देत नाही, सगळीकडे पळवतं. फायरब्रिक म्हणजे भट्टीच्या विटा तीन बाजूंनी लावून खोपटं करा आणि त्यात भांडं ठेवून तापवा, नाहीतर मोठ्या तोंडाचा टॉर्च घ्या. दंड दुखत असतील तर हातोडी वजनाने पडू द्या, दाबू नका, मनगट सैल. आणि बसायची उंची बघा, कोपर भांड्याच्या वर राहिलं पाहिजे.

लख्ख_उजेड

मी इलेक्ट्रिकलवाला, पुण्यात जुने दिवे दुरुस्त करतो, शेडचं आणि वायरिंगचं सांगतो.

शीट खराब नाही. अभ्रक स्वतः कितीतरी तापमान सोसतं, इस्त्रीच्या आत तेच असतं. पण तुमची शीट म्हणजे अभ्रकाच्या पापुद्र्यांवर पापुद्रे आणि मधे लाख. लाख गरम झाली की मऊ पडते, म्हणून पोक आला. जुन्या पिवळ्या बल्बची बरीचशी वीज उष्णतेतच जाते, १०० वॉट म्हणजे छोटी शेगडीच की. एलईडी लावा, ६-७ वॉटचा, आणि रंग २२०० ते २७०० केल्विन मधला घ्या, पांढरा अजिबात नको, पांढऱ्यात अभ्रक मेल्यासारखं दिसतं. बल्ब आणि शेडमधे तीन-चार इंच हवा राहू द्या आणि वरच्या टोपीला भोकं ठेवा म्हणजे गरम हवा निघून जाईल.

पण लाख मऊ होते याचाच फायदा घ्यायचा असतो. हीट गनने हळूहळू, लांबून, सगळीकडे फिरवत शीट गरम केली की ती चामड्यासारखी लवचिक होते, मग लाकडी साच्यावर किंवा जाड पुठ्ठ्याच्या शंकूवर वाकवून गार होईपर्यंत दाबून धरायची, तसाच आकार राहतो. एका जागी जास्त वेळ धरली की लाखेला बुडबुडे येतात, ते परत जात नाहीत. सुती हातमोजे घाला, तेलकट बोटाचे ठसे उमटतात. कापताना मास्क लावा, तो चकचकीत धुरळा नाकात जाऊ देऊ नका. तसं बघितलं तर अभ्रक आणि लाख दोन्ही आपल्या झारखंडचे, कोडरमा-गिरिडीहकडचं अभ्रक जगभर जायचं, तुम्ही घेतलेली शीट कुठली ते मात्र डबीवर बघा.

शेडचं माप काढायला लोक घाबरतात, एक उदाहरण देतो. समजा खालचा व्यास १६ इंच, वरचा ४ आणि तिरकी बाजू १० (उंची आपोआप ८ येते). मोठी त्रिज्या ८, लहान २, फरक ६. कागदावर बाहेरचा कंस काढायचा १० गुणिले ८ भागिले ६, म्हणजे १३.३३ इंचांचा, आतला त्यातून १० वजा करून ३.३३ चा. पूर्ण शेड उलगडली की २१६ अंश होते. चार तुकडे करायचे तर प्रत्येकी ५४. आधी खाकी कागदाचे चार तुकडे कापून सेलोटेपने जोडून बघा, बसलं तरच अभ्रकाला कात्री लावा. सांध्यांवर तांब्याच्या पट्ट्या येतात त्यामुळे कड एक-दोन मिलिमीटर कमी पडली तरी झाकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे टाळू नका. बॉडी अख्खी तांब्याची आहे, म्हणजे आत कुठे वायरचं रबर कापलं गेलं तर पूर्ण दिवा जिवंत. तीन कोअरची वायर घ्या, अर्थिंगची वायर बॉडीला स्क्रूने आणि दातेरी वॉशरने घट्ट जोडा, रंगावर किंवा मेणावर नाही, घासून स्वच्छ केलेल्या तांब्यावर. वायर जिथून बाहेर येते त्या भोकाची कड ब्लेडसारखी असते, तिथे रबरी बुश हवाच, आणि आत वायरला पकड द्या म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ताण होल्डरवर येणार नाही. तुमच्याकडे १२० व्होल्ट आहे, भारतात आणणार असाल तर बल्ब बदला आणि होल्डर २३० चा आहे का बघा. माझ्याकडे एक परदेशातून आणलेला पितळी दिवा दुरुस्तीला आला होता, हात लावला की झिणझिण्या, आत वायर नुसती कडेला घासून उघडी पडलेली. घरात लहान मूल होतं त्यांच्या.

मंजिरी_के

रंगाबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मी तांब्याचे दागिने करते, तांबं गडद करायला लिव्हर ऑफ सल्फर नावाचं गंधकाचं रसायन वापरते. कोमट पाण्यात अगदी पातळ, फिक्क्या चहाएवढं. दाट केलं की पटकन काळं होतं आणि नंतर पापडी निघते. पातळ द्रावणात बुडवून काढायचं, धुवायचं, बारीक प्युमिस पावडरने घासायचं, परत बुडवायचं, असं चार-पाच वेळा. तांबूस, मग तपकिरी, मग गडद होत जातं, हवं तिथे थांबायचं. घासल्यामुळे ठोक्यांच्या कडा उजळ राहतात आणि खळग्यात रंग बसतो, मठारकाम खरं उठून दिसतं ते इथे. आधी भांडं पूर्ण तेलमुक्त हवं, एक बोट लागलं तरी डाग. खिडक्या उघड्या ठेवा, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेवटी भांडं जरासं कोमट करून मधमाशीचं मेण चोळा.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. माझ्या एका वाडग्याला सासूबाईंनी प्रेमाने चिंच आणि मीठ लावलं, त्यांना वाटलं सून कामात असते, भांडं काळं पडलंय. तीन दिवसांचा रंग दहा मिनिटांत गेला. त्यांची काही चूक नाही, आयुष्यभर तांबं लख्ख म्हणजेच स्वच्छ असंच बघितलंय त्यांनी.

सायली_फ्रीमाँट

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

काठ कापला. कापताना हात थरथरत होता. ते भांडं आता शेडची वरची टोपी होणार, उलटं करून, आणि त्यात लख्ख उजेड म्हणाले तशी भोकं पाडलीत, बारा. बॉडीसाठी १८ गेजची नवी चकती घेतली. विटांचं खोपटं केलं, वर्कशॉपमधून मोठा टॉर्च आणला, रात्री साडेआठला गॅरेजचा लाइट बंद करून तापवलं आणि पहिल्यांदा तो लाल रंग दिसला, जेमतेम, निखारा विझत आला की असतो तसा. पाण्यात टाकलं आणि मग हातोडी मारली तर आवाज थप्प! मी नवऱ्याला बोलावून ऐकवला.

नऊ वेळा ताव दिला. भांडं पाच इंच आलंय आणि एकही चुणी दुमडलेली नाही. मठारणं काल सुरू केलं, तळाच्या मध्यापासून, ओळीने. तीन तासांत फक्त तळ आणि कडेच्या दोन ओळी झाल्यात पण लाइटखाली फिरवलं की तो उजेड सरकत जातो एका ठोक्यावरून दुसऱ्यावर, म्युझियममध्ये दिसला होता तसाच.

एकच प्रश्न राहिला, शेड धरायला चार हात लावायचेत बॉडीला, त्याला तांब्याचे ३ मिमीचे रिव्हेट घेतलेत. दांडी किती बाहेर ठेवू?

कसबा_पेठ

दीडपट. ३ चा रिव्हेट तर साडेचार मिलिमीटर बाहेर, त्यात गोल डोकं नीट बसतं. जास्त ठेवलंत तर वाकतं, कमी ठेवलंत तर पकड नाही. आतून जड लोखंड टेकवायला कुणाला तरी धरायला बसवा, एकट्याने होत नाही. आणि ते चार हात बसवायच्या आधी भांडं मठारून पूर्ण करा, नंतर त्या जागी हातोडी पोचत नाही. पुढच्या वेळी फोटो टाका, वडिलांना दाखवतो.